ताण

केसपेपरवर: सुपडाबाई बडगुजर, सोनगीर, वय एकसष्ट,
उजवा खांदा. धंद्यापुढे मी लिहिलं 'घरकाम'.
तिने बोट ठेवून ते खोडायला लावलं.
मांडे. लग्नाचे, बारशाचे, आखाजीचे.
चाळीस वर्षं, एका बसणीत पायलीभर कणीक.

फिल्मवर काळ्या कंडरेचं टोक हाडापासून सुटलेलं,
मध्ये पांढरं पाणी, दोन सेंटिमीटर.
सगळ्यांना सांगते ते गणित तिलाही सांगितलं:
हात आडवा धरला की तळहात खांद्यापासून दोन फूट लांब,
कंडरेच्या वाट्याला दांडी मात्र इंचभर.
हातावर किलोभर, तर आत विसाच्या वर ओढ.
"म्हनजे देवना तराजूच खोटा," ती म्हणाली.

मग टाके. कागदावर पेनने काढून दाखवले.
हाडात खुंट्या ठोकायच्या, खुंट्यांतून दोरे.
एकाच ओळीत ठोकल्या तर कंडरा एका रेषेवर टेकते,
बाकी जागा उघडीच राहते.
दोन ओळींत ठोकून दोरे आडवेतिडवे ओढले
तर सगळी कड हाडावर दाबून बसते,
जिथून उगवली होती जवळजवळ तिथेच.
मेलेल्या मेंढ्यांचे खांदे यंत्राला बांधून
हजार हजार वेळा ओढतात, आधी काय हरतं ते बघायला.
खुंटी क्वचित उपटते. गाठ क्वचित सुटते.
दोराच मऊ पडलेल्या कंडरेला कापत जातो.

ती हसली. डावा हात पुढे केला, उताणा,
कोपरापर्यंत, जणू त्यावर काहीतरी आहे.

"मांडा एक बोटवर उचलशी ते फाटी जास.
पुरा हात खाले घालना पडस.
आनि ताण दे, पन समदा देऊ नको.
समदा ताण दिधा का तो मझार नही फाटत,
जठे हात टेकेल ऱ्हास तठेच फाटस."

हे मी एका परिषदेत ऐकलं होतं, आलेखासकट:
दोन ओळींची शिवण फार घट्ट झाली
तर कंडरा पुन्हा तुटते ती कडेला नाही,
आतल्या गाठींच्या अगदी पलीकडे.
तेव्हा चहाची सुट्टी झाली होती.

गुरुवारी धुळ्याला, दुपारी दोनचं टेबल.
दुर्बिणीत मिठाचं पाणी, तरंगणारे पांढरे धागे,
खिडकीबाहेर पांझरेत पाणी नाही.
कंडरा पकडून हाडाकडे आणली. आली, पण कुरकुरत.
आतली ओळ. दोन खुंट्या. गाठी.
बाहेरची ओळ. एकेक दोरा ओढून खिळवला.
शेवटच्या दोऱ्याला भिरूड सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, अजून?"
यंत्र ताण न्यूटनमध्ये मोजतं.
इथे तो माझ्या तर्जनीच्या पेरात मोजायचा,
दोन हातमोज्यांच्या आतून.
पेराला खापर दिसलं, चुलीवर पालथं घातलेलं,
त्यावर टाकायच्या आधीचा तो क्षण,
जेव्हा मांड्यातून पलीकडचा जाळ दिसतो.
मी थांबले.
बरोबर थांबले की घाबरून थांबले, कळलं नाही.

सहा आठवडे पट्टा. रात्री भिंतीला टेकून झोप.
फिजिओथेरपीवाल्या मुलाला तिने शिव्या घातल्या,
त्याने त्या इमानदारीने फाइलमध्ये 'वेदना: तीव्र' अशा नोंदवल्या.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ती ओपीडीत आली.
हात कानापर्यंत गेला, डोक्यावर नाही.
सोनोग्राफीत कंडरा लागलेली, मध्ये एक पातळ जागा,
जिच्याबद्दल मी काहीच बोलले नाही.
डबा उघडला. सुनेने केलेले मांडे, घडी घालून.
तिने फक्त समोर बसून 'थांब' म्हणायचं काम केलं होतं.
वरचाच मांडा फाटलेला होता.
"हाई पहिले खा," म्हणाली,
"हाई मन्हं चुकनं. उशिरा बोलनू."

पुढचा पेशंट बाहेर नाव पुकारायची वाट बघत होता.
मी फाटलेली कड बोटाने चाचपली.
हात जिथे टेकतो, तिथेच होती.