नऊ लाद्या

युद्ध सुरू झालं त्या तारखेला
हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यातल्या वहीत
माझ्या अक्षरात एवढंच आहे:
लाद्या एकशे बारा. उधारी सात.
अमोनियाची नळी गळते, मिस्त्रीला निरोप.

कुठल्याशा सामुद्रधुनीत
कुणी कुणाच्या बोटीवर चढलं.
पहिली गोळी आमची नव्हे, असं दोघंही म्हणाले.
दोघांना मित्र होते, मित्रांनाही मित्र,
त्यांनी पेट्यांतून जुने करार काढले,
वाळवी न लागलेले.
आठवड्याभरात लिलावातल्या बायका
त्या सामुद्रधुनीचं नाव
पापलेटच्या भावासारखं घडाघडा घेऊ लागल्या,
कारण डिझेल तिथून यायचं.

आपण तटस्थ आहोत, असं रेडिओवर सांगितलं.
बिवलकर बाईंनी उभ्या उभ्या फोड केली:
तट म्हणजे काठ, स्थ म्हणजे थांबलेला.
बर्फ न्यायला आलेला दर्याजी पागधरे हसला.
"काठ कुठला पण, बाई? भांगाचा का उधाणाचा?
उधाणाला तर काठ माझ्या पडवीत असतो."

मग परत पाठवलेली कोळंबी आली,
कंटेनरमध्येच कुजलेली.
मग डांबराच्या गोळ्या आल्या वाळूवर,
पोरांच्या तळव्यांना चिकटून घराघरात गेल्या,
रॉकेलनं पुसल्या तरी
फरशीवर बोटं राहिली.
आणि मग अश्फाकची बातमी.

जहाजाचा झेंडा एका देशाचा,
मालक दुसऱ्या, विमा तिसऱ्या,
तेल चौथ्याचं,
पाणतीर कुणाचा ते अजून कुणी कबूल केलेलं नाही.
आमचा फक्त नझीर परकारांचा अश्फाक, ऑइलमन,
आणि असेच किनाऱ्याकिनाऱ्यावरचे सतरा.
टीव्हीवर अठरा चौकटी झळकल्या.
अश्फाकचा फोटो दहावीच्या हॉलतिकिटावरचा,
अर्ध्या कपाळावर शाळेचा शिक्का.
दिल्लीत बाकं वाजली.
दापोलीच्या नाक्यावर ज्यांनी त्याला कधी पाहिला नाही
ते त्याच्या नावानं घसा बसेपर्यंत ओरडले.
हाजराबी दाराआड एवढंच म्हणत होती,
त्याला पोहता येत नव्हतं,
गावात कुणाला सांगू नका.

त्याच शुक्रवारी पागधऱ्याच्या जाळ्यात माणूस आला.
आपला नव्हता.
भुवया पिवळ्या, मनगटाला निळ्या लोकरीचा धागा,
खांद्यावरची पट्टी पाण्यानं खाल्लेली.
जेटीवरून हवालदारानं फोन लावला:
सापडलाय. मित्र लिहू का शत्रू?
पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला, मग,
"थांबा. संध्याकाळी जाहीर होणार आहे."

मे महिना. संध्याकाळ लांब.
मी विचारलं नाही कुणाला.
नऊ लाद्या काढल्या, टोच्यानं फोडल्या,
मासळीच्या टोपल्या बाजूला सारून
त्याला सावलीत घेतला.
हाजराबी कुणी न बोलावता आली,
धुतलेलं गोणपाट घेऊन,
आणि पायांकडून झाकत वर गेली.
चेहऱ्याशी थांबली.
थोडा वेळ बर्फ वितळल्याचाच आवाज होता.

संध्याकाळी जाहीर झालं.
त्याचं काय ठरलं ते हवालदारानं लिहून घेतलं,
आम्हाला सांगितलं नाही.
रात्री दीपगृहाचा झोत आला नाही.
जन्मापासून तो माझ्या भिंतीवरून जायचा.
मी अंथरुणात त्याची पाळी मोजत राहिलो,
आता येईल, आता.

सकाळी नौदलाचा एक तरुण अधिकारी
कारखाना ताब्यात घ्यायला आला.
सभ्य होता. चप्पल बाहेर काढू का, म्हणाला.
वहीची पानं उलटत एका ओळीवर थांबला.
"नऊ लाद्या. नाव नाही. कुणाच्या खात्यावर?"
मी म्हणालो, उधारी.
"कुणाची पण? काहीतरी लिहा,"
आणि स्वतःचं पेन पुढे केलं.

मी खिडकीबाहेर पाहिलं.
अमावास्येचं उधाण होतं,
दर्याजी पागधरे गुडघाभर पाण्यात
पडवीतली भांडी एकेक करून
माळ्यावर चढवत होता.