राहणार

पहाटे पावणेचारला हर्णैहून टेम्पो आला.
मासळीच्याच ताडपत्रीत त्याला गुंडाळलेलं,
बर्फाचं पाणी गळत गळत
केसपेपरच्या खिडकीपर्यंत आलेलं.
नाखवा बाहेर, फोनवर विम्याचं बोलत होते.
मग आत डोकावून म्हणाले,
"बहादूर लिव गो बाय. नेपाली."
मी विचारलं, नाव?
"तेच नाव. आमचे बोटीवर सात हायत, सगले बहादूर."

पेन टेकलं होतं कागदाला.
खोटं कशाला सांगू,
ब लिहूनही झाला होता.

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला कलमांची बाग आहे.
राखणीला दर साली नवा माणूस,
हाक तीच.
मागल्या वर्षी बागेतला पंप गेला
तेव्हा आम्हीच चढलो वर, बुद्धवाडीतले आठ-दहा जण.
त्याच्या बायकोची ट्रंक उपसली.
एक फ्रॉक, मेथीची पुरचुंडी,
पोरीचा शाळेचा दाखला, ओल लागून चिकटलेला.
पंप पुढे खोतांच्या पुतण्याकडे निघाला.
ट्रंक पुन्हा भरून द्यायला कुणी गेलं नाही.
मी पण नाही.

माझ्या बापाचं नाव भागुराम रामजी तांबे.
खळ्यात तो भाग्या.
त्याची करवंटी खोतांच्या वळचणीला खोचलेली असे,
चहा वरून ओतत,
धार चुकली तर मनगटावर.
थोरल्या भावाची मनीऑर्डर मुंबईहून यायची,
पैसे आठवड्यात संपायचे,
पावतीचा तुकडा मात्र तो पत्र्याच्या डबीत ठेवी,
कारण त्यावर कुणीतरी
शाईनं
आख्खं नाव लिहिलेलं असे.

टेम्पोतून एक जण उतरलाच नव्हता.
त्याला मी खिडकीशी बोलावलं.
भिजलेली बंडी, पायाला जाळ्याचा तुकडा अडकलेला.
म्हणाला, "डम्मरबहादूर बोहरा. सव्वीस."
म्हणजे बहादूर होतंच.
फक्त आधी डम्मर होतं, नंतर बोहरा.
मला खोडावं लागलं नाही.
ब च्या अलीकडे दाटीवाटीनं डम्मर बसवला,
समासात थोडा गेला.

तुझा कोण?
"कोणी नाही, मॅडम. तो बोहरा, मी लोहार.
गावात त्याच्या घरात मला जायला नाही.
पडवीत पण नाही.
बोटीवर एक टोप, एक गोधडी."
मग बराच वेळ काही बोलला नाही.
आत डॉक्टर आले, ट्यूबलाइट दोनदा फडफडली.
"त्याची बॅग आता मीच नेणार.
आई बाहेरच ठेवायला सांगेल.
सोनं बुडवलेलं पाणी शिंपडेल, मग घेईल आत."
हे त्यानं
उद्या वारा कुठला असेल
ते सांगावं तसं सांगितलं.

मी राहणारच्या रकान्यावर आले.
"बोट लिवा," बाहेरून नाखवा.
लोहार म्हणाला, जिल्हा अछाम.
पुढचं गाव त्यानं तीनदा सांगितलं,
तिसऱ्यांदा मला लिहिता आलं.
गाडी संपते तिथून पाच तास चढ आहे म्हणे.
त्याला रकाना नव्हता.

शिपाईमावशीनं चहा आणला.
त्यानं दोन्ही हातांनी कप घेतला, प्यायला,
उठून नळाखाली धुतला
आणि कट्ट्यावर उपडा घातला,
आमच्या कपांपासून हातभर लांब.
सांगितलं नव्हतं कुणी.
ते हातभर मी डोळे मिटून मोजू शकते.

साक्षीदार म्हणून सही लागेल, मी म्हटलं.
तुझं नाव?

"बहादूर,"
सवयीनं म्हणाला तो,
आणि मग आम्ही दोघंही
थांबलो.