दहा दिवस

खिडकीच्या ग्रिलमधून मी पाहिलं:
विजयंता सिस्टर स्कूटर लावून वाकल्या
आणि कलेक्टरनं त्यांचा उजवा हात
मनगटापासून बोटांपर्यंत
सावकाश, मन लावून चाटला.

कलेक्टर म्हणजे आमच्या बिल्डिंगचा कुत्रा.
मीटरच्या खोलीपुढे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची दखल घेतो, म्हणून.
अख्ख्या कन्नमवारनगरात तो कुणाला चावलेला नाही.
पण काल मी त्याला खोकताना ऐकलं होतं,
किंवा तो तिसऱ्या मजल्यावरचा सुर्वे असेल.

दोन जिने. तेवढ्यात मी टेबल पुन्हा पुसलं,
आधी डेटॉल, मग स्पिरिट,
मग साधं पाणी, का ते माहीत नाही.

"सिस्टर, हात."
"धुतेच की."
"साबणानं."
"साबणानंच धुतात, बाई."
मोरीच्या दारात उभी राहून मी मोजत होते,
ओठ न हलवता. वीस. पंचवीस.
ओले हात वर धरून त्या म्हणाल्या, नळ तुम्ही बंद करा.
मी केला.
तो उघडला त्यांनीच होता
हे मला उशिरा सुचलं.

पाकीट फाडल्याचा आवाज नीट ऐकला. सुई नवी.
अँप्यूलची मान टिचकीसरशी मोडली,
बी-ट्वेल्व्ह कोकमासारखं लाल.
कापूस मात्र पर्समधल्या डबीतला,
फुलाफुलांची डबी. पूर्वी तिच्यात बडीशेप असावी.

रात्री दीडला हिशेब मांडला:
जीभ, हात, साबण, कापूस, दंड.
कडी जुळत नव्हती,
म्हणून मी ती जुळवत बसले होते.
भाच्याला फोन केला. तो डॉक्टर आहे, दातांचा.
"मावशी, धड कातडीवरची लाळ, तीही धुतलेली. संपलं ते. झोप."
"पण पंचवीसच मोजले रे मी."
तिकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज आला.

तिसऱ्या इंजेक्शनला सिस्टर टोचून झाल्यावर उठल्या नाहीत.
"तुम्ही खिडकीत असता. दिसता मला."
मग साडीवरूनच बेंबीभोवती बोट फिरवलं, घड्याळासारखं.
"चौदा घेतलीत इथे. नऊ वर्षांची होते, पोलादपूरला.
पिसाळलेलं कुत्रं आम्हा दोघांना चावलं, मला आणि अनंताला.
माझं रक्त थांबेना, म्हणून मला महाडला नेलं.
त्याला नुसता दात लागलेला.
हळद-चुना लावला त्याला."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला.
त्यांनी तो घेतला, पाण्याकडे पाहिलं,
आणि न पिता खाली ठेवला.

"तेव्हापासून धुते मी हात," त्या म्हणाल्या,
"तुम्ही मोजता म्हणून नाही."
सुईला टोपण न लावता ती जाड डबीत टाकली,
पर्सच्या बाहेरच्या कप्प्यातून एक घडी काढली:
लशीची पावती. प्राण्याचे नाव: कलेक्टर.
मालक: रिकामं.
"दरवर्षी द्यावी लागते. वर्गणी काढते मी.
तुमचे पन्नास राहिलेत."

तरी दहा दिवस मी लक्ष ठेवलं.
दुधाच्या वहीत, अर्ध्या लिटरच्या रकान्याशेजारी:
क. जेवला.
क. उन्हात झोपला.
क. पोस्टमनवर भुंकला, नेहमीसारखाच.
क. दिसला नाही (नंतर दिसला).
दहाव्या रात्री रेघ मारली.

अकराव्या दिवशी
आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात पाणी घेऊन खाली गेले.
तो उठला, आळस दिला, माझ्याकडे पाहिलं
जसा एखाद्या प्रलंबित अर्जाकडे पाहावा,
आणि प्यायला लागला.
लपक, लपक, फरशीवर सांडत,
मिशांवरून ओघळत.
संपेपर्यंत मी ऐकत राहिले.

वर येऊन हात धुतले.
मोजायचं नाही असं जिन्यातच ठरवलं होतं.
लक्षात आलं तेव्हा
अठरापर्यंत पोचले होते.