मंगळवारचं ठिगळ

फ्लोरेस बेटावरच्या दवाखान्यात
क्ष-किरणांच्या खोलीची चावी देओलिंदाकडे असते.
चावीला ती ‘शाव्ह’ म्हणते.
शब्द मुळात त्यांचाच; आपल्याकडे
जहाजातून उतरला आणि कंबरेला लटकून राहिला.

पत्र सप्टेंबरात आलं, चांगल्या जाड कागदावर:
चौदा तारखेनंतर आपल्या प्रणालीला
आमच्याकडून दुरुस्त्या मिळणार नाहीत.
इतकी वर्षं सोबत राहिलात, आभारी आहोत.
खाली छापील सही.

पंधरा तारखेला ती अर्धा तास आधीच आली.
यंत्र सुरू केलं. तोच हिरवा दिवा,
तीच जुन्या फ्रीजसारखी घरघर.
पहिला पेशंट: मनगट, वय नऊ, झाडावरून पडलेला.
हाड स्वच्छ दिसलं, भेग केसाएवढी.
काहीच झालं नव्हतं.
संध्याकाळपर्यंत काहीच झालं नाही
आणि तिला तेच आवडलं नाही.

एवारिस्तो, जो संगणकही बघतो आणि जनरेटरही,
पायरीवर बसून संत्रं सोलता सोलता म्हणाला:
दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
ते नव्या घरांना ठिगळं लावतात.
चोर घरं बघत नाहीत, ठिगळं बघतात.
कुठे लावलं, केवढं लावलं,
आणि मग तेच भोक
आपल्या भिंतीत शोधत येतात.
दुरुस्ती तिकडे, वाट इकडे.

मग घर बदलू, ती म्हणाली.
यंत्र दुसऱ्या कुणाशी बोलत नाही, तो म्हणाला,
आणि यंत्र बदलायचं तर दोन रुग्णवाहिकांचे पैसे.
आपल्याकडे रुग्णवाहिका एकच आहे.
संत्र्याची अर्धी फोड त्याने तिला दिली.

तिने तार काढली.
टोकाला प्लास्टरची पट्टी गुंडाळली, मोडलेल्या बोटाला गुंडाळतात तशी,
आणि वर लिहिलं: जोडू नये.
तेव्हापासून तबकड्या मोटरसायकलवरून विमानतळावर जातात.
धुकं असलं की विमान येत नाही.
मग ड्रॉवरमध्ये पडून राहतात एकावर एक
कुणाची फुप्फुसं, कुणाचा गुडघा,
पाद्रीबुवांचा वाकडा कणा.

जानेवारीत वादळाच्या रात्री अमारोला आणलं.
होडीवरचा दोर तुटून छातीवर बसलेला.
तिने सवयीने सांगितलं, श्वास घ्या, रोखा.
त्याला घेताच येत नव्हता.
तेर्सेइराच्या सर्जनला चित्र दिसेल
तरच हेलिकॉप्टर निघणार होतं.
डॉक्टर तेल्मो सत्तावीस वर्षांचा, मुख्य भूमीवरून आलेला.
तो ओरडला नाही. फक्त त्या पट्टीकडे बघत राहिला.

पट्टी तिनेच कापली.
अकरा मिनिटं.
चित्र मुंगीच्या पावलांनी सरकत होतं
आणि ती तारेशी हात धरून उभी,
दूध तापत ठेवून उभं राहावं तशी.
पोचलं, असं तिकडून कळलं
तेव्हा तिने तार अशी ओढली
की भिंतीचा थोडा चुनाही आला.

अमारो जगला. फेब्रुवारीत
बायकोच्या हाती दोन मोठे मासे पाठवले.

पण ती अकरा मिनिटं.
एवारिस्तोने दोन रात्री बसून नोंदी चाळल्या.
काही दिसत नाही, म्हणाला.
म्हणजे काही नाही?
म्हणजे दिसत नाही.

आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार,
असं आपण म्हणतो आणि हात झटकतो.
देओलिंदाला ही म्हण माहीत नाही.
ती रिळावर उरलेली पट्टी बोटांनी मोजते.

मार्चच्या मागणीपत्रकात पहिल्या ओळीवर
नवा संगणक, चौथ्यांदा.
शेवटच्या ओळीवर पांढरी चिकटपट्टी, सहा रिळं.
रिळं मंजूर झाली.
पाचच आली.