नमुना क्रमांक सतरा

चरावण्यात, बागी झोरेच्या गोठ्यात
म्हशीच्या गालफडात कापसाचा बोळा धरून उभा आहे.
लाळेतलं कॉर्टिसॉल फोंड्याला कळेल, सोमवारी.
आज फक्त तक्ता:
कान मागे. डोळ्याचं पांढरं थोडं दिसतं.
रवंथ, मिनिटाला बावन्न.
समाधान – एक ते पाच?

बागी म्हणते, "रुसलीय ती.
काल रेडकू विकलं ना मी."

रुसव्याला रकाना नाही.
शेऱ्यात लिहावं, तर शेरा वाचतो कोण.

पेनाला टोपण लावतो
तेवढ्यात तिची खरखरीत जीभ
माझ्या मनगटावरून फिरते,
सावकाश,
घामातलं मीठ चाखत,
आणि थांबते.

माझे तीन झाले की चार,
कुठे टिपलं असेल तिने?
बागी शेण भरू लागली आहे.