मोंटेव्हिडिओ, मार्गे दाभोळ

गावठाणाचा नकाशा माझ्याकडे होता,
याकूब हमदुलेंकडे फक्त काठी.
डाव्या पायाची दोन बोटं साखरेनं नेलेली,
तरी म्हणाले, चला, दाखवतो.

फेरीच्या धक्क्यावर थांबले.
धोपाव्याहून बोट येत होती,
तीत एक टेम्पो, तीन शाळकरी मुली, बर्फाच्या पेट्या.
"हितून सुरू. हा बंदर.
समोर नदी, पण पल्याडचा काठ दिसत नाय
असा समजा."
पल्याडचा काठ चांगला दिसत होता.
कुणीतरी लाल लुगडं वाळत घातलं होतं तिथं.
मी समजले.

चाळीस वर्षांमागं ते बोटीवर भंडारी.
सव्वीस माणसांचं जेवण, दोन भट्ट्या, एक सुरी.
मोंटेव्हिडिओला इंजिन बसलं
आणि सुटा भाग यायला अकरा दिवस लागले.
अकरा दिवस ते चालले.
भाषा नाही, खिसा बेताचा.
"रस्ता चुकायला भाषा लागत नाय."

मशिदीकडे वळताना काठी आडवी धरली.
इथं वेस.
तिथली वेस भर चौकात एकटी उभी,
तट पाडला, दगड गेले, दार तेवढं राहिलं.
माणसं तिच्यातून जातात
आत असं काही नसताना, बाहेरही.
मी नकाशा पाहिला. गटार होतं,
त्यावर दोन फरश्या, त्याही अतिक्रमणातल्या.
ते मात्र मान किंचित लववून पार झाले.
मग मीही लवले, आजूबाजूला बघून.

शाही मशिदीच्या घुमटाला त्यांनी हात केला,
ओळखीच्याला करावा तसा.
पुढं रिचार्जच्या दुकानासमोर, भर उन्हात,
तिसऱ्या दिवसाची रात्र झाली:
रस्त्यातच जाळ, जाळाभोवती ढोल तोंडं करून,
गुलाम म्हणून आणलेल्यांचे पणतू
कातडं शेकत बसलेले.
तापलं की आवाज चढतो.
"मना वाटला, शिमगाच."
काठीच्या मुठीवर बोटं वाजू लागली
आणि दुकानातला पोरगा मोबाईलमधून वर बघू लागला.

सातव्या दिवशी बुटाचा तळ सुटला.
एका गल्लीत जोडे शिवणारा भेटला.
त्याच्या हातात भोपळ्याचं बोंडलं, आत कडू पाला,
एकच नळी, ती तोंडातोंडी फिरत आलेली.
"भंडारी माणूस मी. सव्वीस जणांची ताटं
वेगळी ठेवनारा."
थांबले. धाप लागली होती, की आठवण, कळेना.
"घेतला. कडूजार."

मग त्या माणसानं चामड्याचा तुकडा पुढं केला, वर खडू.
खुणेनं विचारलं, तुझं गाव?
यांनी खाडी काढली. ती जमली.
मग घर, मशीद, धक्का. तीन ठिपके.
मग काही येईना.
पंधराव्या वर्षी बोटीवर चढलेला मुलगा,
गावात यायचा तो झोपायला आणि लग्नांना.
त्याचं गाव तेवढंच होतं.
जोडेवाला थांबून राहिला,
घाई कसली, बूट तर त्याच्याच मांडीवर.

"तवापासून सुट्टीवर आलो की अकरा दिवस चालायचो.
बायको विचारी, काय हरवलाय?"

घाटीवर मी नकाशा त्यांच्यासमोर धरला.
चष्मा नव्हता. बोटानं चाचपत राहिले
कागदावरून, जणू वाफ धरलेल्या काचेवरून.
"ह्यात गल्ल्या बऱ्याच हायत," म्हणाले,
आणि परत दिला.

कचेरीत तक्ता भरायचा असतो:
गट क्रमांक, क्षेत्र, वहिवाट, शेरा.
गटाराच्या ओळीत पेन अडकलं.
लिहिलं: जागेवर पाहणी केली.
वेस आहे. तट नाही.
साहेबांनी न वाचता सही केली.

पण ते नंतरचं.
तेव्हा ते पुढं निघाले होते,
काठी, पाय, काठी,
आठवा दिवस उतारावर होता
आणि मला साडेपाचची फेरी गाठायची होती.