निवण

सातवी ब. पंचवटीतली पालिकेची शाळा.
बाहेर कोथिंबिरीच्या जुड्यांचा भाव, आत उतारा क्रमांक तीन.
मी सांगते ते नेहमीचेच:
शब्द अडला म्हणून थांबू नका.
मागची ओळ वाचा, पुढची वाचा,
शब्द शेजाऱ्यांवरून ओळखू येतो.
आणि शेवटी, दोन गुणांसाठी, लेखकाचा हेतू.
प्रणिल गांगुर्डेने लिहिले,
'लेखकाला पान भरायचे होते.'
लाल पेन वर उचलले,
मग अर्धा गुण दिला.

घरी अण्णांची वही आहे.
तांबट आळीतले दुकान विकले तेव्हा
ऐरण गेली, मोगऱ्या गेल्या, भाता गेला,
वही कुणी मागितली नाही.
आत उधारी असेल म्हणून
सहा वर्षे मीही उघडली नाही.

चौथी शिकलेला हात. काजळीचे अंगठे समासात.
'मारुती कमरेपर्यंत. दुकान बंद.'
हे कळायला कोश लागत नाही,
नाशकात पूर मारुतीच्या अंगावरच मोजतात.
पण पुढे:
'सोमवार. घंगाळे दोन. मठार बाकी. निवण.'
'बुधवार. बंब. निवण कमी पडली. चिरला.'

निवण?
आधी वाटले, निवड. ड चा ण झाला असेल,
घणाच्या हाताला शुद्धलेखन कोण विचारतो!
पण निवड कमी पडून बंब कसा चिरेल?
शब्दकोश काढला.
न पासून प पर्यंतचा अभ्यास
वाळवीने आधीच उरकला होता.

मग पोरांना सांगते तेच केले.
जिथे निवण, तिथे मागच्या ओळीत ठोके.
जिथे निवण, तिथे पुढच्या ओळीत पुन्हा ठोके.
मध्ये फक्त जागा.
आणि आठवले,
ठोकून ठोकून तांबे हट्टाला पेटते,
अजून एक घाव घाला, की तडकते.
अण्णा ते भट्टीत लाल करायचे,
बाजूला ठेवायचे
आणि चहाला निघून जायचे.
आम्हाला वाटायचे, चहासाठी जातात.

अर्थ लागला. शेजारी पेन्सिलीने लिहूनही टाकला,
मास्तरणीची खोड.

पान उलटले.
'गुरुवार. कुंदी बोलत नाही. निवण.'
'शुक्रवार. निवण.'
'शनिवार. निवण.'
'रविवार. कुंदीने चहा दिला.'

घंगाळ नाही, बंब नाही, गिऱ्हाइकाचे नाव नाही.
त्या गुरुवारी मी दार आपटले होते,
कॉलेजच्या फीवरून,
आणि अण्णा काहीच बोलले नव्हते.
त्या न बोलण्याचा अर्थ मी तेव्हाच लावून टाकला:
यांना काही पडलेले नाही.
एकतीस वर्षे तोच अर्थ वापरला.
मागची ओळ वाचली नाही.
पुढचीही नाही.

शेवटी शेवटी अक्षर मोठे होत जाते,
पानावर चारच शब्द, मग तीन.
मला वाटले, इथे काहीतरी जीव तोडून सांगायचे आहे.
वही घेऊन निंबाकाकांकडे गेले.
ते शेजारच्याच गाळ्यात कल्हई करायचे.
त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली, हसले.
'मोतीबिंदू होता गं त्याला. दुसरे काय.'

म्हणजे मोठे अक्षर मोठे नव्हते,
आणि तो एक बारका शब्द बारका नव्हता.
कुणासाठी लिहीत होते?
माझ्यासाठी असते तर हातात दिले असते.
शिकाऊ पोरगा शेवटचा कधीच कारखान्यात लागला, सातपूरला.
हिशेब म्हणावा तर बेरीज कुठेच नाही.
दुपारी भट्टी थंड होईपर्यंत
करायचे काय, म्हणून कदाचित.
पान भरायचे होते.

प्रणिलचा पेपर पुन्हा बाहेर काढला.
अर्धा गुण लहान दिसतो आहे,
पूर्ण द्यावा तर आनंदाने नेमके काय शिकेल तो, कळत नाही.
पेनचे टोपण लावले.
पेपर वहीवर ठेवला आहे, खिडकीजवळ.
चहा करते.